तिसरी प्रत कोणाच्या हाती?

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर पहिला मुक्काम करते ते गाव नातेपुते. गावाच्या एका अंगाला नीरा उजव्या कालव्याचे पाणी आणि त्यावर पोसलेला ऊस. दुसऱ्या अंगाला शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडे चढत गेलेले कोरडवाहू माळरान. या माळावर ज्याने टाक्या बांधल्या, ठिबकाच्या नळ्या अंथरल्या, तेल्या आणि मर रोगाशी झुंज घेत डाळिंबाचा बहार धरला, त्या शेतकऱ्याला गेली काही वर्षे एक वाक्य सतत ऐकवले जात आहे. विमानतळाचे उद्‌घाटन असो, निर्यात परिषद असो वा निवडणुकीची सभा असो, व्यासपीठावरून सांगितले जाते की आता शेतकऱ्याचा माल विमानाने साता समुद्रापार जाणार, सारा व्यवहार संगणकावर होणार, मधला दलाल नाहीसा होणार आणि परदेशी ग्राहकाचा पैसा थेट बांधावर येणार.

या वाक्याचे तुकडे करून पाहणे आवश्यक आहे. माल विमानाने जातो, हे खरे. व्यवहार संगणकावर गेला, हेही बहुतांशी खरे. पण उरलेल्या दोन गोष्टी, म्हणजे दलाल जाणे आणि पैसा येणे, या पहिल्या दोन गोष्टींतून आपोआप निष्पन्न होतात असे मानणे हा निव्वळ भ्रम आहे, आणि तो भ्रम जोपासण्यात काहींचे हितसंबंध गुंतलेले आहेत. यंत्राने वेळ वाचतो. वाचलेल्या वेळाचे मूल्य कोणाच्या पदरात पडते ते यंत्र ठरवीत नाही. ते मालकी, कायदा आणि संघटित शक्ती ठरवतात. हवाई मालवाहतुकीच्या संगणकीकरणाकडे या दृष्टीने पाहिल्यावाचून पुरोगामी कार्यकर्त्याला त्याविषयी धड पाठिंबाही देता येणार नाही आणि धड विरोधही करता येणार नाही.

विमानात काय चढते?

प्रथम अर्थशास्त्र. जगाच्या व्यापारात विमानाने जाणाऱ्या मालाचा वाटा वजनाच्या हिशेबाने एक टक्क्याहूनही कमी भरतो. किमतीच्या हिशेबाने मात्र तो एक तृतीयांशाच्या आसपास आहे, असे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना सांगते. या दोन आकड्यांतील तफावत हेच हवाई मालवाहतुकीचे सारे रहस्य. विमान वजन विकत नाही, वेळ विकते. ज्या वस्तूची किंमत वजनाच्या मानाने फार मोठी आहे ती विमानात चढते: औषधे, हिरे, विद्युत उपकरणांचे सुटे भाग. किंवा जी वस्तू चार दिवसांत मातीमोल होते ती चढते: हापूस आंबा, फुले, पालेभाजी, ताजे मासे, अंजीर.

डाळिंब यांपैकी कशात बसते? टणक सालीचे हे फळ योग्य शीतगृहात कित्येक आठवडे टिकते. म्हणून त्याची विमानाशी असलेली सोयरीक तात्पुरती आहे, आणि अलीकडचा अनुभव तेच सांगतो. २०२३ साली महाराष्ट्रातील भगव्या डाळिंबाची चाचणी खेप अमेरिकेला विमानाने रवाना झाली. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, राज्याचे कृषी पणन मंडळ आणि केंद्राची अपेडा ही संस्था यांनी मिळून ती पाठवली. पण बाजार उघडल्यावर पुढची पावले समुद्राकडे वळली. ६ डिसेंबर २०२४ रोजी सोलापूर भागातील ५.७ टन डाळिंब १,९०० खोक्यांतून जहाजाने निघाले आणि १३ जानेवारी २०२५ रोजी सिडनीला पोचले. मार्च २०२५ मध्ये सुमारे १४ टनांची खेप समुद्रमार्गे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरली. विमानाने दार उघडले, व्यापार जहाजाने केला. जहाजाच्या तुलनेत विमानाचे भाडे कित्येक पट असते आणि डाळिंबासारख्या फळाच्या किमतीत ते मावत नाही, हे त्याचे साधे कारण.

याचा अर्थ हवाई वाहतूक शेतकऱ्याच्या कामाची नाही असा नव्हे. डाळिंबाचे दाणे सोलून बंद डब्यांत भरले की त्यांचे आयुष्य आठवड्यांऐवजी दिवसांत मोजावे लागते, आणि मग विमानावाचून गत्यंतर नसते. दाणे सोलण्याचे, निवडण्याचे, भरण्याचे काम खेड्यांत रोजगार देऊ शकते. नमुन्याची खेप, हंगामाच्या तोंडची पहिली खेप, नव्या बाजारपेठेची चाचणी, यांना विमान हवेच. परंतु नातेपुत्याच्या माळावरील प्रत्येक खोके विमानात चढणार असल्याचे चित्र रंगवणे ही फसवणूक आहे. आणि ही फसवणूक कशासाठी केली जाते ते पुढे पाहू.

विमानाचे भाडे शेतकऱ्याच्या हाती नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. जगातील हवाई मालापैकी निम्म्याच्या आसपास माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. २०२० साली महामारीमुळे प्रवासी विमाने जमिनीवर बसली तेव्हा ही जागा एकाएकी नाहीशी झाली आणि भाडे अनेक पटींनी भडकले. त्या वर्षी आंब्याच्या बागेत कोणाचा कष्ट कमी पडला होता? कोणाचाच नाही. वेळेच्या बाजारात वेळ विकणारा मालक असतो आणि नाशवंत माल हाती घेऊन उभा राहिलेला उत्पादक हा कायमचा गरजू असतो. त्याच वर्षी केंद्र सरकारने ‘कृषी उडान’ योजना आणली आणि २०२१ साली तिची दुसरी आवृत्ती काढली. तीत विमान उतरवण्याच्या आणि उभे करण्याच्या शुल्कात सूट आहे. सूट विमान कंपनीला मिळते. तिचा किती अंश फळाच्या भावात उतरतो हे उत्पादकाला कळावे, अशी कोणतीही सोय त्या सवलतीला जोडलेली नाही.

कागद गेला, पण कोणाचा?

आता संगणकाकडे वळू. विमानाने माल पाठवण्याचे कायदेशीर कागदपत्र १९२९ च्या वॉर्सा कराराने निश्चित केले. त्या करारानुसार मालाची चिठ्ठी तीन मूळ प्रतींत तयार होई. पहिली प्रत वाहतूकदाराची, दुसरी माल घेणाऱ्याची, आणि तिसरी, वाहतूकदाराच्या सहीची, माल पाठवणाऱ्याच्या हाती. या तिसऱ्या प्रतीला मोठा अर्थ होता. माल माझ्या हातून गेला, अमुक वजनाचा गेला, अमुक स्थितीत गेला, असे सांगण्याचा पुरावा पाठवणाऱ्याजवळ राहत असे. कंपनी बलाढ्य असली तरी कागदाचा एक तुकडा दुबळ्या पक्षाच्या खिशात होता.

१९९९ च्या माँट्रियल कराराने या कागदाऐवजी संगणकीय नोंद चालेल असे मान्य केले. भारत २००९ साली त्या करारात सामील झाला आणि त्यासाठी १९७२ चा हवाई वाहतूक कायदा दुरुस्त झाला. २००६ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेने कागदविरहित वाहतुकीची मोहीम चालवली होती. एकेका खेपेबरोबर तीसपर्यंत कागद फिरत असत, असा त्या संघटनेचाच दाखला आहे. सीमाशुल्क खात्याने आपले व्यवहार टप्प्याटप्प्याने संगणकावर नेले. २०१६ साली एक खिडकी पद्धत आली. फळांसाठी लागणारा वनस्पती आरोग्य दाखला संगणकावरून मागता येऊ लागला. १ जानेवारी २०२६ पासून तर एका खेपेची एकच सामाईक नोंद आणि तीच सर्व संबंधितांनी वाचावी, ही पद्धत त्या संघटनेने श्रेयस्कर म्हणून पुढे ठेवली आहे.

हा बदल वाईट आहे असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. एका सहीसाठी माल गोदामात रात्रभर तापत पडावा, शिक्क्यासाठी खिडक्या-खिडक्यांतून चिरीमिरी द्यावी, यात समाजवाद नाही. ऐंशीच्या दशकात संगणकाला विरोध करण्यात कामगार संघटनांची बरीच शक्ती खर्ची पडली. संगणक यायचा तो आलाच. मात्र तो कोणत्या अटींवर यावा हे सांगण्याची वेळ आली तेव्हा विरोधकांच्या हाती काहीच उरले नव्हते. ती चूक पुन्हा होता कामा नये.

म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे: एका खेपेची एकच सामाईक नोंद होणार असेल, तर ती वाचण्याचा अधिकार असलेले ‘सर्व संबंधित’ कोण? विमान कंपनी, विमानतळाचा चालक, मालगोदामाचा ठेकेदार, सीमाशुल्क खाते, निर्यातदार, परदेशी आयातदार, बँक आणि विमा कंपनी. या यादीत फळ पिकवणारा नाही. माँट्रियल कराराने संगणकीय नोंद मान्य करताना तिसऱ्या प्रतीची आठवण ठेवली आहे. माल पाठवणाऱ्याने मागणी केल्यास त्याला पावती दिली पाहिजे आणि नोंदीतील माहिती पाहू दिली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. परंतु कायद्याच्या भाषेत माल पाठवणारा म्हणजे निर्यातदार. बागायतदाराने आपला माल बांधावरच विकून टाकलेला असतो. त्यानंतर कायद्याच्या दृष्टीने त्याचा त्या फळाशी संबंध संपतो.

एकेरी रस्ता

खरोखर संपतो का? तसे असते तर निदान जबाबदारीही संपली असती. येथेच या व्यवस्थेचे खरे स्वरूप उघडे पडते.

निर्यातीच्या डाळिंबासाठी बागेची नोंदणी करावी लागते. अपेडाच्या ‘अनारनेट’ या संगणकीय व्यवस्थेत बाग, गट क्रमांक, मालक यांची नोंद होते. फवारणीचा हिशेब ठेवावा लागतो. रासायनिक अंशांची तपासणी होते. द्राक्षांसाठी ‘ग्रेपनेट’ २००६ पासून आहे, आंब्यासाठीही तशीच सोय आहे. रॉटरडॅमच्या वा लंडनच्या दुकानात एखाद्या खोक्यात नको त्या औषधाचा अंश सापडला, तर त्या खोक्यावरून मागे मागे येत थेट माळशिरस तालुक्यातील एका विशिष्ट बागेच्या बांधापर्यंत पोचता यावे, हा या सगळ्याचा हेतू. ग्राहकाच्या आरोग्यासाठी तो हेतू रास्त आहे. पण हा रस्ता एकेरी आहे. परदेशी दुकानदाराला खोक्यावरून शेतकरी सापडतो. शेतकऱ्याला त्याच खोक्यावरून दुकानातला भाव सापडत नाही. दोष शोधायला पूल बांधला, दाम शोधायला मात्र साधी पायवाटही ठेवली नाही.

२०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षे अडली आणि त्या नुकसानीचा मोठा भाग बागायतदारांच्या माथी आला. २०१४ साली युरोपीय संघाने १ मेपासून हापूससह भारतीय आंबे आणि अळू, कारले, वांगे, पडवळ यांसारख्या भाज्यांना बंदी केली. आंब्यावरील बंदी पुढील वर्षाच्या आरंभी उठली, परंतु हंगाम हातचा गेला तो गेलाच. आणि सर्वांत बोलके उदाहरण २०२५ च्या मे महिन्यातील आहे. वाशीच्या विकिरण केंद्रात प्रक्रिया होऊन विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या सुमारे पंधरा खेपा तेथील विमानतळांवर नाकारल्या गेल्या. आंबा सडका नव्हता. दाखल्यातील नोंदींत त्रुटी असल्याचे कारण देण्यात आले. परत आणण्याचे भाडे परवडणारे नसल्याने माल तेथेच नष्ट करणे भाग पडले.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. फळ आता दोन रूपांत प्रवास करते: एक खोक्यातले, दुसरे नोंदीतले. नोंदीतले फळ बिघडले तर खोक्यातले फळ कितीही गोड असले तरी ते कचरा ठरते. म्हणजे नोंद ही मालाची सावली राहिलेली नाही, ती मालाचाच एक भाग झाली आहे. मग त्या नोंदीवर ज्याचा अधिकार नाही त्याचा आपल्याच मालावर अर्धाच अधिकार उरतो. नोंद चुकवली कोणी आणि नुकसान सोसले कोणी, याचा न्याय करायला उत्पादकाजवळ पुरावा कोणता? तिसरी प्रत कागदाची होती तेव्हा ती त्याला मिळत नव्हती. आता ती संगणकात गेली आहे आणि तिचा पासवर्ड दुसऱ्याजवळ आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला या प्रश्नाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही, कारण त्याला ‘पट्टी’ हा शब्द ठाऊक आहे. आडत्याने किती वजन धरले, काय भावाने विकले, हमाली किती, तोलाई किती, आडत किती कापली, हे लिहिलेली हिशेबपट्टी. व्यापाऱ्याच्या रुमालाखालच्या बोटांनी भाव ठरत असे तेथपासून उघड लिलाव आणि लेखी पट्टी येथपर्यंत येण्यास लांबचा लढा द्यावा लागला, आणि १९६३ च्या बाजार समिती कायद्याने त्याला आधार दिला. बाजार समित्यांत पुढे गैरव्यवहार शिरले, हे कोणी नाकारू नये. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. मुक्ती मिळाली ती बांधावर येऊन खरेदी करणाऱ्यालाही मिळाली. बांधावरच्या सौद्यात भाव एकदाच, तोंडी ठरतो. पुढे त्या मालाची प्रतवारी काय झाली, कोणत्या देशी गेला, काय दाम आला, याची पट्टी नाही. गावच्या बाजारात दोन पोती कांद्याची पट्टी मागण्याचा हक्क ज्याने मिळवला, त्याला परदेशी गेलेल्या मालाची पट्टी मागण्याचा हक्क असू नये, हा कुठला आधुनिकपणा?

शेतकऱ्याच्या नावाने शेतकऱ्याची जमीन

शेतमाल विमानाने परदेशी जाणार, ही घोषणा इतक्या आग्रहाने का दिली जाते? कारण विमानतळाला जमीन लागते, आणि शेतकऱ्याची जमीन घ्यायची तर कारणही शेतकऱ्याचेच सांगावे लागते.

नागपूरचे उदाहरण जुने नाही. २००२ साली त्यासाठी स्वतंत्र कंपनी उभी राहिली आणि ‘मिहान’ या नावातच आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्राची घोषणा कोरलेली होती. शिवणगावसारख्या गावांच्या जमिनी गेल्या. विमान दुरुस्तीचे केंद्र आले, संगणक कंपन्या आल्या. संत्र्यासह विदर्भाचा माल जगभर उडवणारे मालवाहतूक केंद्र मात्र उभे राहिले नाही. नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटित झाला आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला पाच लाख टन माल हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. या विमानतळाच्या कंपनीत ७४ टक्के भाग अदानी समूहाचा, २६ टक्के सिडकोचा. मुंबईचा जुना विमानतळही २०२१ पासून त्याच समूहाच्या ताब्यात आहे. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या नाशवंत मालाला परदेशी जाण्याची मुंबईतली दोन्ही दारे एकाच मालकाच्या हाती आली. स्पर्धेचे गुणगान करणाऱ्यांनी या स्पर्धेत दुसरा स्पर्धक कोण ते सांगावे.

ज्या भूमीवर हा विमानतळ उभा आहे तिचा इतिहास या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरातील शेतकरी उभे राहिले आणि पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. विमानतळाला ‘दिबां’चे नाव द्यावे म्हणून २०२१ साली भूमिपुत्रांनी सिडकोला घेराव घातला. नावाचा आग्रह योग्यच आहे. पण ‘दिबां’चा वारसा पाटीवर जितका आहे त्याहून अधिक तो ‘जमीन देणारा हा उपऱ्या नसून भागीदार आहे’ या तत्त्वात आहे.

आणि आता पुरंदर. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव या सात गावांची जमीन विमानतळासाठी घेण्याची प्रक्रिया चालली. २०१३ चा भूसंपादन कायदा बाजूला ठेवून १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमाचा मार्ग धरण्यात आला. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोनच्या मोजणीला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर लाठीमार झाला. त्याच वर्षी पुढे बऱ्याच खातेदारांनी संमतिपत्रे दिली. अशी संमती कोणत्या वातावरणात मिळते हे वेगळे सांगायला नको. पुरंदरचे अंजीर २०१६ पासून भौगोलिक मानांकन मिरवते आहे. विमानाने खरोखर जाण्यासारखे फळ ते हेच. ज्या तालुक्यात ते पिकते त्या तालुक्यातील शेती उठवून ‘शेतमालाच्या निर्यातीसाठी’ विमानतळ बांधायचा, या तर्कशास्त्राला काय म्हणावे? नातेपुत्याच्या डाळिंबवाल्याचे नाव घेऊन पुरंदरच्या अंजीरवाल्याला उठवले जाते. आणि दोघांना एकमेकांची गाठ पडू नये याची दक्षता घेतली जाते.

आक्षेप आणि उत्तरे

यावर ठरलेला आक्षेप येतो: खाजगी भांडवलानेच कार्यक्षमता आणली, सरकारच्या हाती असते तर अजून फायली फिरत राहिल्या असत्या. सरकारी विमानतळांचा कारभार आदर्श नव्हता, हे मान्य. परंतु एका डाळिंबाच्या परदेश प्रवासाचा हिशेब मांडून पाहावा. ‘भगवा’ हे वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे. संशोधन सोलापूरच्या राष्ट्रीय केंद्राचे. विकिरणाचे शास्त्र भाभा अणुसंशोधन केंद्रातून आलेले, वाशीची सुविधा पणन मंडळाची. परदेशाशी वाटाघाटी सरकारी खात्यांनी केलेल्या. सीमाशुल्काची संगणक व्यवस्था सरकारची. महामार्ग जनतेच्या पैशाचा. एवढा सारा सार्वजनिक खर्च झाल्यावर शेवटच्या दारापाशी जो उभा राहून मोबदला घेतो तो खाजगी. २००६ च्या फेब्रुवारीत विमानतळ प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी मुंबई-दिल्ली विमानतळांच्या खाजगीकरणाविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांना प्रगतीचे शत्रू ठरवण्यात आले. ते जे विचारत होते ते इतकेच होते की दार बांधून झाल्यावर किल्ली दुसऱ्याला का?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो घरातूनच येतो. सहकाराचे काय झाले? साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ यांचे जे झाले तेच फळांच्या संस्थांचेही होणार नाही कशावरून? हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात टाळता येणार नाही. पण द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन १९९१ साली ‘महाग्रेप्स’ उभे केले आणि युरोपच्या बाजारात स्वतःच्या नावाने माल उतरवला, हेही याच राज्यात घडले. सहकार बुडाला तो सभासदांच्या हाती हिशेब नव्हता तेथे. आज संगणकामुळे प्रत्येक सभासदाला प्रत्येक खोक्याचा हिशेब घरी बसून पाहता येणे शक्य झाले आहे. जे साधन निर्यातदाराच्या कचेरीत नफ्यासाठी वापरले जाते तेच साधन सहकाराला त्याच्या जुन्या रोगातून बरे करू शकते. फक्त ते साधन सभासदाच्या हाती आले पाहिजे.

तिसरा प्रश्न कामगारांचा. संगणकाने कारकुनाचे काम घटवले. खोके उचलणाऱ्याचे घटवले नाही, उलट त्याच्या प्रत्येक फेरीला घड्याळ लावले. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंदणी केली ती त्याला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि प्रतिष्ठा मिळावी म्हणून. नोंदणी हा त्याचा हक्क झाला. आजच्या व्यवस्थेत बागायतदाराची नोंदणी होते ती तो चुकला तर सापडावा म्हणून, आणि कंत्राटी मजुराची नोंद होते ती तो थांबला तर कळावे म्हणून. नोंदणी तीच, संगणक तोच. हेतू उलटा झाला.

काय मागायचे?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, निर्यातीच्या प्रत्येक खेपेच्या संगणकीय नोंदीतील माहिती ज्या बागेच्या क्रमांकावर ती खेप गेली त्या बागायतदाराला त्याच्या भ्रमणध्वनीवर, मराठीत पाहता आली पाहिजे: वजन, प्रतवारी, रवानगी, दाखले, नकाराचे कारण आणि निर्यातीचा घोषित भाव. बागेचा क्रमांक व्यवस्थेत आहेच. तोच आता उलट्या दिशेने चालवायचा आहे. ही त्याची तिसरी प्रत, ही त्याची पट्टी. दुसरी, दाखल्यातील चुकीमुळे माल नष्ट झाल्यास ती चूक करणाऱ्याने उत्पादकाला भरपाई दिली पाहिजे. तिसरी, विमानतळावरील मालहाताळणीचे दर, साठवणुकीचे शुल्क आणि सवलती मराठीत जाहीर झाल्या पाहिजेत. नियामक प्राधिकरणाचे इंग्रजी आदेश माळशिरसच्या बाजारपेठेपर्यंत पोचत नाहीत. चौथी, प्रतवारी, शीतगृह आणि विकिरण यांची सार्वजनिक सोय फळ पिकते त्या जिल्ह्यातच झाली पाहिजे. नातेपुत्याचे खोके तीनशे किलोमीटरांवर वाशीला जाईपर्यंत ते दुसऱ्याच्या मालकीचे झालेले असते. पाचवी, मालगोदामांतील हमालांना माथाडी मंडळाचे संरक्षण मिळाले पाहिजे. आणि सहावी, शेतमालाच्या निर्यातीचे कारण सांगून जमीन घ्यायची असेल तर कोणता माल, किती आणि कोणत्या भाड्याने विमानात चढणार याचा हिशेब ग्रामसभेपुढे आधी ठेवला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी या मागण्यांसाठी मोर्च्याच्या तारखेची वाट पाहू नये. येत्या बहारात निर्यातीसाठी नोंदलेल्या बागांच्या गावी जावे, नोंदणीचे क्रमांक, बांधावर मिळालेला भाव आणि खरेदीदाराने दिलेला कागद, दिला असल्यास, एका वहीत उतरवून घ्यावा. दहा गावांची अशी वही हाती आली तर तिच्यापुढे अनेक भाषणे फिकी पडतील. पुरंदरच्या गावकऱ्यांना नातेपुत्यास बोलवावे, नातेपुत्याच्या बागायतदारांनी पारगावला जावे. ज्यांच्या नावाने जमीन घेतली जाते आणि ज्यांची घेतली जाते, ते एकदा समोरासमोर बसले की व्यासपीठावरील त्या वाक्याला टाळ्या मिळणे अवघड होईल.

आषाढात याच रस्त्याने दिंड्या जातात. दिंडीचा क्रम ठरलेला असतो, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि कोण कोणाच्या मागे चालतो हे सर्वांना दिसते. वर्षभर त्याच रस्त्याने फळांच्या गाड्याही जातात. त्यांतील खोके कोणाचे, कोठे चालले आणि त्यापोटी काय आले, हे ते पिकवणाऱ्याला दिसत नाही. ते दिसू लागेपर्यंत संगणकाने काम सोपे केले असेल. ते कोणाचे, हे मात्र विचारत राहिले पाहिजे.